दोनशे किलोमीटरची पावती

परभणीत पहाटे सहाला सायकलवर चाललेला चोपन्न वर्षांचा माणूस दिसला की बघणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात. एकतर याची मोटारसायकल बिघडली, नाहीतर याला डॉक्टरांनी सांगितलं. जिंतूर रोडवरच्या चहावाल्याने वेळ न घालवता दोन्ही एकदम विचारल्या, "गाडी बिघडली का शुगर निघाली?"

"भाचा आलाय," मी म्हणालो.

"मंग बरोबर," असं म्हणून तो ग्लास विसळायला लागला.

भाचा पुण्यात असतो. काहीतरी संगणकाचं करतो आणि उरलेल्या वेळात सायकल चालवतो, असं आम्ही पूर्वी समजत होतो. ते नेमकं उलटं आहे हे आता कळलंय. त्याच्या सायकलच्या किमतीत माझ्या लग्नातलं सगळं वऱ्हाड दोनदा जेवलं असतं, आणि तरी तिला स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, मडगार्डसुद्धा नाही. "वजन वाढतं मामा," तो सांगतो. माझी सायकल काळी, चोवीस इंची, तीस वर्षं मला शाळेत पोचवून परत आणणारी. तिचं वजन काय वाढायचं ते केव्हाच वाढून झालंय.

तर हा भाचा 'ब्रेव्हे' करतो. माझी बहीण या शब्दाचं मराठी 'त्याचं ते खूळ' असं करते. मला समजलं ते असं. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत जायचं. तीनशेला वीस तास, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. वाटेत सोबत गाडी नाही, मदतीला माणूस नाही. पंक्चर आपणच काढायचं, भाकरी आपणच शोधायची. मूळ प्रकार फ्रान्सचा. पॅरिसहून ब्रेस्ट नावाच्या समुद्रकाठच्या गावी जाऊन परत यायचं, बाराशे किलोमीटर, नव्वद तासांत. 1891 साली तिथं पहिल्यांदा याची शर्यत झाली. आता दर चार वर्षांनी जगभरचे लोक त्यासाठी जमतात. तिथल्या एका हलवायाने शर्यतीच्या नावाने चाकाच्या आकाराची मिठाई काढली. आमच्याकडे जिलबी आधीपासूनच चाकाच्या आकाराची आहे, पण ती खाऊन कुणाला सायकल चालवावीशी वाटल्याचं ऐकिवात नाही.

"पण यात पहिला नंबर कुणाचा येतो?" मी विचारलं.

"कुणाचाच नाही. ही शर्यत नाही मामा. वेळेत आला तो आला. फार लवकर येऊनही चालत नाही, ठाणं उघडलेलंच नसतं."

पहिला नंबर नाही, लवकर आलेल्याचं कौतुक नाही आणि उशिरा आलेल्याला दहा मिनिटं सवलत (ताशी पंधराच्या हिशेबाने तेरा तास वीस मिनिटं होतात, वरची दहा फ्रेंचांनी दयाबुद्धीने घातली असावीत): असा खेळ मराठवाड्यातल्या माणसाला का जमू नये, असं वाटून मी हो म्हणालो. पुण्याच्या खऱ्याखुऱ्या ब्रेव्हेला नेण्याआधी त्याला माझी तालीम घरच्या मैदानात घ्यायची होती. रस्ता त्यानेच आखला. परभणी, जिंतूर, चारठाणा, वालूर, सेलू, पाथरी, मानवत, परभणी. मी म्हटलं, गंगाखेड राहिलं की. जनाबाईचं गाव, गोदावरीचा काठ. शिवाय त्याच तालुक्यात धारासूरचं गुप्तेश्वराचं देऊळ, त्यावरच्या सुरसुंदरी बघायला लोक लांबून येतात. तो म्हणाला, त्याला तीनशेची काढावी लागेल. जनाबाईच्या जात्याला हात लावायला स्वतः विठ्ठल यायचा. माझ्या पायडलला कुणी येईल अशी खात्री नव्हती, म्हणून दोनशेवर तडजोड झाली.

आणि मग त्याने ते कार्ड काढलं. पुठ्ठ्याचं, सहा चौकटींचं. खऱ्या ब्रेव्हेत प्रत्येक ठाण्यावर शिक्का मिळतो. जिथं शिक्का मारायला माणूस नसतो तिथं दुकानाची पावती घ्यायची, तारीख-वेळ छापलेली. "आपण गेलो होतो याचा पुरावा पाहिजे ना मामा."

पुरावा! परभणी जिल्ह्यात! मी काही बोललो नाही. मुलं अनुभवानेच शहाणी होतात.

गाव सुटलं आणि काळी माती सुरू झाली. आमच्या रस्त्यांना लोक उगाच नावं ठेवतात. दोष मातीचा आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर कितीही गुळगुळीत डांबर अंथरा, दोन पावसाळ्यांत रस्ता श्वास घेतल्यासारखा वरखाली व्हायला लागतो. (कंत्राटदाराचाही काही हातभार असतो, पण मातीला बोललं तर ती कोर्टात जात नाही.) माझी सायकल या रस्त्यावर पाळण्यासारखी चालत होती. भाच्याची सायकल प्रत्येक खळग्याला शुद्ध इंग्रजीत कण्हत होती.

डिसेंबर असल्याने शिवार मात्र सुरेख होतं. तूर पिवळी होऊन वाळायला लागलेली, हरभरा घोट्याएवढा, कापसाच्या शेवटच्या वेचणीची बोंडं, आणि मधे ज्वारीच्या निसवलेल्या पट्ट्या. भाचा म्हणाला, "सीनरी काही नाही, पण शांत आहे." मला राग आला. म्हटलं, बाबा, ही ज्वारी साधी नाही. 1972 साली इथं कृषी विद्यापीठ झालं, त्याच्या वाणांची नावं ऐक: ज्वारी 'परभणी मोती', ज्वारी 'परभणी शक्ती', आणि भेंडी 'परभणी क्रांती'. दुसऱ्या गावांत क्रांती चौकात होते, भाषणात होते. आमची भाजीत होते. हळद्या रोगाला दाद न देणारी भेंडी म्हणून तिने खरोखरच देशभर नाव काढलं. भाच्याने मान डोलावली आणि गिअर बदलला. त्याच्या सायकलला बावीस गिअर आहेत, म्हणजे विषय बदलायची सोय भरपूर आहे.

बोरी मागं पडल्यावर पुढे जमीन उंच व्हायला लागली. जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याच्या रांगांची टोकं येऊन टेकतात. नकाशावर त्यांना डोंगर म्हणायला जीव धजत नाही, सायकलवर आपोआप म्हटलं जातं. जिंतूर आलं तेव्हा माझे गुडघे एकमेकांशी बोलायचे थांबले होते. जवळच नेमगिरी, जैनांचं जुनं क्षेत्र. टेकडीच्या पोटात गुहा, दारं इतकी ठेंगणी की प्रत्येकाला वाकूनच आत जावं लागतं. बाकीचे भाविक वाकताना कण्हत होते. आम्ही सायकलवरून उतरलो तेच त्या मापात होतो. आत पार्श्वनाथांची भली थोरली मूर्ती, एका इवल्याशा दगडाच्या टेकूवर तोललेली, जवळजवळ अधांतरी. एवढा भार कशावर उभा आहे, याचा विचार करत मी बराच वेळ बसलो. बसायला कारण हवंच होतं.

देणगी दिली, पावती मिळाली. छापील, तारखेची, क्रमांकाची. भाच्याने ती दिमाखाने कार्डाला टाचली. "बघा मामा, किती सोपं आहे!" जिंतूरहून येलदरीचं धरण जवळच आहे. पूर्णेचं पाणी तिथं 1968 पासून अडलंय, विजेचं घर आहे, संध्याकाळी देखावा झकास. पण आमचा मार्ग दुसरीकडचा आणि संध्याकाळ तर फारच लांब होती.

चारठाण्याला पोचलो आणि पुराव्याचा प्रश्न सुरू झाला. हे गाव म्हणजे यादवांच्या काळातलं एक सामान इथं, एक सामान तिथं ठेवून घरमालक बाहेर गेल्यासारखं आहे. इकडे गोकुळेश्वर, तिकडे नरसिंह, पुढे खुराची आई, आणि एका महादेवाचं नाव चक्क उकंडेश्वर. गावात उंच कोरीव मानस्तंभ आहे. तो बघून मान आखडते, आणि ती आखडलेली आहेच हे लक्षात येतं. पाट्या जेवढ्या असायला हव्यात तेवढ्या नाहीत. पारावर एक आजोबा बसले होते. तेच चालतीबोलती पाटी.

"बाबा, गावात देवळं किती?"

"तीनशे साठ व्हती म्हणतात."

"आता किती आहेत?"

"आता मोजायला कोण बसतंय? वर्षाच्या एकेका दिवसाला एकेक देऊळ व्हतं."

"पण वर्षात दिवस तीनशे पासष्ट."

आजोबांनी माझ्याकडे शाळामास्तराकडे बघावं तसं बघितलं. "देवाला सुट्टी नको काय पाच दिवस?"

भाच्याने शिक्का कुठं मिळेल म्हणून चौकशी केली. ग्रामपंचायतीला कुलूप होतं, दिवस रविवारचा. कटलरीच्या दुकानात पावती मागितली तर दुकानदार म्हणाला, "काय घेतलं तुम्ही?" "काही नाही." "मंग पावती कशाची?" याला उत्तर नव्हतं. शेवटी मानस्तंभासमोर सायकली उभ्या करून फोटो काढायचं ठरलं. भाच्याच्या सायकलला स्टँड नसल्याने ती धरायला आजोबा उभे राहिले. फोटोत ते मधोमध, ताठ, सायकल जणू त्यांचीच. आणि आम्ही दोघं बाजूला मदतनिसांसारखे. सातआठशे वर्षं तो खांब कुठल्याही पावतीशिवाय उभा आहे, हे मी भाच्याला सांगितलं नाही.

चारठाण्याहून वालूरला आडवाटेने गेलो. वाटेत एका आखाड्यावर हुरडा चालला होता. "कुठं जायलेत?" असा आवाज आला. आम्ही थांबलो नसतो तर अपमान झाला असता, थांबलो त्यात वीस मिनिटं गेली. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, तळहातावर चोळून, फुंकून. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. भाच्याने खिशातून त्याचं सायकलवाल्यांचं जेल काढून त्यांना दाखवलं, त्यात किती ऊर्जा आहे ते सांगितलं. एका पोराने वास घेतला आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "दवाखान्याचं आहे का?" मग आखाड्यावरच्या माउलीने भाच्याच्या घट्ट विजारीकडे बघून मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "भाऊ, पोराला थंडी वाजत असंल. धोतर देऊ का एखादं?"

वालूरबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण तिथं मी मरता मरता वाचलो. वालूरला एक बारव आहे. बारवा आमच्या जिल्ह्यात पुष्कळ, चौकोनी, देवकोष्ठांच्या, टप्प्याटप्प्याने खाली उतरणाऱ्या. ही निराळी. हिच्या पायऱ्या गोल गोल फिरत खाली जातात, शंखाच्या आतून उतरावं तशा. वरून पाहिलं तर कुणीतरी प्रचंड मोठी जिलबी दगडात घातलीय आणि पाकाऐवजी पाणी सोडलंय असं वाटतं. (फ्रेंचांची मिठाई डोक्यातून गेली नव्हती.) काही वर्षांपूर्वीपर्यंत ती गाळाने, झाडोऱ्याने बुजली होती. बारव मोहिमेच्या वाऱ्यात गावाने फावडी घेतली आणि ती मोकळी केली. वाल्मीकी ऋषींचंही हेच गाव म्हणतात. म्हणतात, एवढंच, पावती तिथंही नाही.

मी उतरलो. उतरणं फार सोपं होतं. फेऱ्या घेत घेत पाण्यापाशी गेलो, गार दगडाला पाठ टेकली, वर आभाळाचं वाटोळं झाकण. दहा मिनिटांनी उठायला गेलो तर मांड्यांनी साफ नकार दिला. सायकल चालवायला जे स्नायू लागतात नेमके तेच पायऱ्या चढायला लागतात, हे शास्त्र मला त्या क्षणी कळलं. भाचा वरून ओरडत होता, "मामा, वेळ जातोय!" मी बसून, ढुंगणाने, एकेक पायरी उलटा चढलो. सातव्या पायरीला वर पोरं जमली. बाराव्या पायरीला टाळ्या सुरू झाल्या. वर आलो तेव्हा किराणा दुकानाचा मालक पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. बिस्किटाचे दोन पुडे घेतले, तर पैसे घेईना. "तुम्ही एवढी मेहनत केली, गावची बारव पाह्यली. पैसे कशाचे?"

"अहो, पण आम्हाला पावती पाहिजे," भाचा काकुळतीला आला.

"मंग देतो की." त्याने उधारीच्या वहीतलं पान फाडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: सायकलवाले मामा-भाचे आले होते. बारव पाहिली. पाणी पिले. बिस्किट खाले. पैसे घेतले नाही. खाली सही, आणि सहीखाली वेळ. भाच्याने ते पान कार्डाला लावलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पॅरिसमध्ये हे मंजूर होणार नाही.

सेलूत जेवलो. जेवलो म्हणजे सुशीला खाल्ली. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो: ही बाई नव्हे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी, डाळ्याचं कूट, वर कोथिंबीर-लिंबू. पोहे करायचा विचार ऐनवेळी बदलला तर जे होतं ते. दोन प्लेटा झाल्यावर मला कंठ फुटला आणि मी भाच्याला बी. रघुनाथांविषयी सांगितलं. मूळचे सातोन्याचे, जन्म 1913 चा. निजामी राजवटीत मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या, चाळिशी गाठताच गेले. नोकरी परभणीत, बांधकाम खात्यात. "म्हणजे रस्ते?" भाच्याने विचारलं. एवढ्या मोठ्या कवीविषयी पोराला तेवढंच विचारावंसं वाटलं, पण सकाळपासून त्याने जे भोगलं होतं ते पाहता मी क्षमा केली.

सेलूहून पाथरी. हा टप्पा भाविकांच्या दृष्टीने फार वजनदार. साईबाबांचे गुरू म्हणून सेलूच्या गोपाळराव देशमुखांचं नाव घेतात आणि जन्मगाव म्हणून पाथरीचं. 2020 च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासाला शंभर कोटी देण्याचं जाहीर केलं आणि जन्मस्थळ असा शब्द वापरला, त्यावर शिर्डीने 19 तारखेला कडकडीत बंद पाळला. स्वतः बाबांनी आपलं गाव कोणतं ते हयातीत कुणाला सरळ सांगितलं नाही, असं म्हणतात. ज्याने सांगायचं त्याने मौन धरलं आणि बाकी सगळे कागद शोधतायत.

आणि पाथरीची ही जुनी खोड आहे. अहमदनगरची निजामशाही ज्याच्या मुलाने काढली तो मलिक हसन मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्याचा पोर, भैरवाचा मुलगा तिमापा, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला, असं फिरिश्त्याने लिहून ठेवलंय. पुढे नगरच्या बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागणी केली, आमचं मूळ गाव पाथरी आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. त्याने नाही म्हटलं, लढाई झाली. एका गावच्या कुलकर्णीपणासाठी दोन शाह्या भांडल्या! सातबाऱ्यावरून भावाभावांत होतं ते आमच्याकडे नवीन नाही, एवढाच याचा अर्थ.

साईमंदिरात गेलो, दर्शन घेतलं. बाहेर हाराच्या दुकानात भाच्याने नेहमीप्रमाणे पावती मागितली. दुकानदारीण हसून म्हणाली, "दादा, इथं बाबाच्या जन्माच्या पुराव्यासाठी लोक इतकी वर्षं फिरायलेत. तुम्हाला हाराचा पाहिजे?"

पाथरीनंतर मुलूखच बदलतो. जायकवाडीचा डावा कालवा इकडे येतो, तूर-कापूस मागं पडून ऊस सुरू होतो आणि उसाबरोबर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. त्यांना पाठीमागे दिवा नसतो, पुढे स्पीकर असतो. म्हणजे मागून येणाऱ्याने बघण्याऐवजी ऐकून ओळखायचं. अशाच एका ट्रॅक्टरला वाट द्यायला भाचा रस्त्याच्या कडेला उतरला आणि बाभळीचा काटा त्याच्या चाकात शिरला. जवळची ट्यूब घातली. अर्ध्या कोसावर दुसरा काटा. दुसरी ट्यूब संपली. तिसऱ्या काट्यापर्यंत तो गप्प होता, मग म्हणाला, "मामा, ही टायरं इटलीची आहेत." बाभूळ इथली होती.

पंक्चरवाल्याने ते चाक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "एवढं पातळ? याला हवा भरायची का इंजेक्शन द्यायचं?" त्याच्या पंपाचं तोंड व्हॉल्व्हला बसेना. शेवटी पाण्याच्या घमेल्यात बुडबुडा त्याने शोधला, ठिगळ त्याने लावलं, हवा भाच्याने स्वतःच्या पंपाने भरली. तोवर माझ्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकातले तीन काटे पंक्चरवाल्याने नुसते बोटाने उपटून फेकले. ते टायरच्या अर्ध्यापर्यंतही पोचले नव्हते. भाचा त्या टायरकडे जरा वेळ बघत राहिला. मी शिष्टपणे घंटी वाजवली.

मानवत सोडलं तेव्हा पाच वाजून गेले होते. कापसाची पेठ, त्यामुळे गाड्यांतून सांडलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहिलेला. मावळत्या उन्हात काटेरी झाडांना फुलं आल्यासारखा. भाच्याने पहिल्यांदा आपणहून थांबून फोटो काढला. पुराव्यासाठी नव्हे, असं वाटलं.

परभणीचे दिवे दिसले तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि त्याच्या यंत्रावर एकशे सत्त्याण्णव पूर्णांक सहा दशांश किलोमीटर. "मामा, दोन पूर्णांक चार कमी पडतायत!" आमच्या गावाविषयी एक जुनी म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. तिचा अर्थ प्रत्येक परभणीकर वेगळा सांगतो. मला त्या दिवशी कळला तो असा की जिथं हिशेब लागत नाही तिथं परभणी असते. "जिंतूर रोडला चल," मी म्हणालो. "सुरुवात केली तिथंच शेवट. गाव ओलांडता ओलांडता होतील." रविवारच्या बाजारातून, रिक्षांतून, एका वरातीच्या घोड्याच्या मागून आम्ही ते दोन किलोमीटर काढले. चहाच्या टपरीसमोर यंत्र टुण्ण वाजलं. दोनशे. सात वाजून सव्वीस मिनिटं.

भाच्याने कार्ड पुढे केलं. "काका, सकाळी सहाला आम्ही इथूनच गेलो होतो. फक्त सही करा."

चहावाल्याने कार्ड दिव्याखाली धरलं. "जाताना मी पाह्यलं. येताना पाहू लालोच. पण मधे कुठं गेलते ते मला काय ठावं? बोरीला झोपून आले नसाल कशावरून?"

भाच्याने कार्डाला लावलेले सगळे पुरावे दाखवले. देणगीची पावती चहावाल्याने बाजूला सारली, फोटोतल्या आजोबांना नमस्कार केला, आणि वालूरच्या वहीचं पान मात्र बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं.

"पैसे घेतले नाही?"

"नाही."

"वालूरवाल्याने घेतले नाही, अन् मी घेऊ?" त्याने दोन ग्लास भरून पुढे सरकवले. "प्या. स्पेशल आहे."

भाचा म्हणाला, "काका, निदान पावती तरी..."

"चहा फुकट पेला तर पावती कशाची?"